पेठ, तालीम आणि फुटबॉल

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेला एखादा कोल्हापूरकर भेटला, तर त्याला गाव विचारून पाहा. 'कोल्हापूर' म्हणून तो थांबणार नाही. 'शिवाजी पेठ' किंवा 'मंगळवार पेठ' हे लगेच पुढे येईल. हेब्बाळमध्ये कारखाने आहेत, इन्फोसिसचा प्रचंड परिसर आहे, देशभरातून आलेली माणसं आहेत. पण पेठ नाही. आणि पेठ नाही म्हणजे तालीमही नाही!

तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. म्हैसूरकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या जुन्या मोहल्ल्यांत 'गरडी मने' आहेत, दसऱ्यात तिथे आजही कुस्त्या रंगतात. कोल्हापूरला या नादाला राजाश्रय दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ साली ते युरोपात गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि त्याच धर्तीवर खासबागेत कुस्तीचं मैदान बांधून घेतलं. १९१२ पासून ते गाजतं आहे.

पुढे तालमीच्या पोरांच्या पायांत फुटबॉल आला. महाराष्ट्र क्रिकेटवेडा असताना हे शहर फुटबॉलवेडं झालं! पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब... ही नावं इथे घराघरांत ठाऊक आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे सामने शाहू स्टेडियमवर होतात. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला, की पेठांतली निम्मी माणसं गॅलरीत असतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

आता यात राजकारण कुठे आलं? अहो, ते तर पहिल्यापासून आहेच! जे मंडळ संघ उतरवतं, तेच गणपती बसवतं, तेच रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायला धावतं. कार्यकर्ता इथेच घडतो आणि निवडणूक आली की उमेदवार आधी तालमीची पायरी चढतो. फुटबॉलप्रेमी उद्योजक चंद्रकांत जाधव २०१९ मध्ये कोल्हापूर उत्तरचे आमदार झाले. त्याआधी २००४ मध्ये निवडून आलेले मालोजीराजे छत्रपती यांचंही नाव फुटबॉलच्या कारभाराशी जोडलेलं आहे.

या नात्याचा फायदा खेळालाही होतो. बक्षिसाची रक्कम, बाहेरून आणलेल्या खेळाडूंचं मानधन, बूट, जर्सी, प्रवास हे सगळं कुणीतरी उचलावं लागतं. पेठेच्या वर्गणीत ते भागत नाही. पण जो पैसा देतो, त्याचा शब्द वजनदार होतो. परगावचा खेळाडू आला की पेठेतलं पोर बाकावर बसतं. मैदानावरची ईर्षा गॅलरीत उतरली की दगड, बाटल्या आणि हाणामारी. अशा हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागले आहेत. त्या दिवशी हरतो तो कोणताच संघ नव्हे, हरतो तो खेळ. आणि पोलीस ठाण्यात जी मुलं बसतात, त्यांची आई रात्रभर दाराकडे डोळे लावून असते.

२०१५ मध्ये निवडून आलेल्या महापालिका सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवक उरले नाहीत. तालमी मात्र उघड्याच राहिल्या. पेठेचं गाऱ्हाणं ऐकायला कट्टा होता, माणसं होती.

म्हणूनच तालीम कुणाची, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नेता येईल, जाईल. वर्गणी थोडी असली तरी ती पेठेची असावी, संघात निम्मी पोरं तरी गल्लीतली असावीत आणि दंगा करणाऱ्याला आधी आपल्याच मंडळानं खाली बसवावं. हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवर सामना पाहणाऱ्या त्या कोल्हापूरकराला दुसरं काय हवं असतं? निकाल कळला की तो घरी फोन लावतो. पहिला प्रश्न असतो, "कोण जिंकलं?" नव्हे, "आपली पोरं कशी खेळली?"