कोठडी म्हणजे कैद नव्हे!

‘तो आत आहे,’ एवढे कोणी म्हटले की ऐकणारा पुढचे काही विचारतच नाही. ‘सरकारी पाहुणा’, ‘बिनभाड्याच्या खोलीत गेला’ अशी थट्टा सुरू होते आणि त्यापायी घरातल्या मुलीचे ठरत आलेले लग्नसुद्धा मोडते. पण ‘आत’ असलेल्या प्रत्येकाला कैद झालेली असते का?

अटक, कोठडी, कैद हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. कायद्यात मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

‘अटक’ म्हणजे केवळ ताब्यात घेणे. राज्यघटनेच्या २२ व्या कलमानुसार अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. त्यानंतर मिळते ती ‘कोठडी’. पोलीस कोठडीत माणूस चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात असतो. सर्वसाधारण कायद्यानुसार ती एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. न्यायालयीन कोठडीत त्याची रवानगी तुरुंगात होते, पण तिथेही तो शिक्षा भोगत नसतो. खटल्याची वाट पाहत असतो.

‘कैद’ ही त्यापुढची पायरी. मूळचा अरबी असलेला हा शब्द आपल्या कायद्याच्या भाषेत शिक्षेसाठी वापरतात. गुन्हा शाबीत झाल्यावर न्यायालय साधी कैद किंवा सक्तमजुरी सुनावते. म्हणूनच तुरुंगाच्या दप्तरात ‘सिद्धदोष बंदी’ आणि ‘न्यायाधीन बंदी’ अशा वेगळ्या नोंदी असतात. न्यायाधीन बंदी म्हणजेच आपल्या बोलीतला ‘कच्चा कैदी’. तिसरा प्रकार ‘स्थानबद्ध’ व्यक्तीचा. तिला गुन्ह्याची शिक्षा म्हणून नव्हे, तर प्रतिबंधक उपाय म्हणून डांबलेले असते.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता!

बिहारमध्ये तर काही कच्चे कैदी, गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहूनही जास्त काळ खितपत पडले होते. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जलद न्याय हा मूलभूत हक्कच असल्याचे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असलेल्यांना ही सवलत नाही.

घरातल्या कोणावर अशी वेळ आलीच, तर गांगरून न जाता तीन प्रश्न विचारावेत : कोठडी कोणती? कलम कोणते? पुढची तारीख कोणती? वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार कोठडीतली व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे.

आणि वेळ शेजाऱ्यावर आली असेल, तर निदान आपल्या तोंडून ‘त्याला कैद झाली’ असे शब्द जाऊ देऊ नयेत. तो निकाल न्यायाधीशांनीच द्यायचा असतो.