खुडूक कोंबडी मोडू नका

कोंबडी खुडूक झाली की अंडी बंद. म्हणून तिला पाण्यात बुडवतात, पाय बांधून ठेवतात, खुराड्याबाहेर काढून कोंडतात. दोन-चार दिवसांत तिची खुडूक मोडते आणि पुढे कधीतरी अंडी पुन्हा सुरू होतात. हजारो कोंबड्यांच्या फार्मवर हा हिशोब बरोबर असेल. अंगणातल्या आठ-दहा कोंबड्यांसाठी तो तोट्याचा आहे. तापीच्या मुखाशी हजीरा-मोऱ्याच्या वस्तीत कोंबड्या पाळा, नाहीतर वरच्या अंगाला नवापूरच्या एखाद्या पाड्यावर. पुढच्या वर्षीचा कळप उभा करते ती अंड्यांवर बसणारी कोंबडीच.

अंगात काय बदलतं?

खुडूक हा आजार नव्हे. दिवस मोठा होऊ लागला, उष्मा वाढला आणि खुराड्यात अंडी साठलेली दिसली-लागली, की कोंबडीच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवू लागतं. त्याने अंडाशयाचं काम थंडावतं. छातीपोटाची पिसं गळतात आणि उघड्या पडलेल्या त्वचेत रक्तपुरवठा वाढतो. अंड्यांना ऊब मिळते ती या उघड्या कातडीची. पिसं फुलवणं, हात लावताच चोच मारणं, ‘कुडूक कुडूक’ असा आवाज काढणं, ही सगळी तिची बाहेरून दिसणारी लक्षणं.

देशी कोंबडी साधारण १२ ते १५ अंडी घालते, खुडूक होते, पिलं काढते आणि वर्षात तीन-चार वेळा हेच चक्र फिरतं. फार्मवरच्या लेगहॉर्नकडून वर्षाला ३००च्या आसपास अंडी मिळतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातली बसण्याची ओढच काढून टाकलेली आहे. तिची पुढची पिढी यंत्रात निघते.

बसवण्याची तयारी

आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असला, की अंडी फलित मिळतात. बसवायची अंडी ताजी हवीत: थंडीत आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांची. फार मोठी, वेडीवाकडी, तडकलेली बाजूला काढावीत. अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतूंना वाट मिळते. अंगाने बेताच्या देशी कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरे. जास्त ठेवली तर कडेची गारठतात, आणि कोंबडी अंडी फिरवत असल्याने आज एक, उद्या दुसरं असं करत सगळीच खराब होतात.

पसरट टोपलीत तूस किंवा पेंढा, खाली थोडी राख. जागा अंधारी, कोरडी, वर्दळीपासून दूर. बसवण्याआधी कोंबडीच्या अंगावर पिसवा आणि उवा नाहीत हे पाहावं, कारण २१ दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीला त्या हैराण करतात. तिला रात्री हलवावं आणि सगळी अंडी एकाच वेळी द्यावीत. त्यांवर पेन्सिलीने खूण केली, की नंतर दुसरीने घातलेलं अंडं लगेच ओळखू येतं.

पुढचं काम तिचं. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी उलटते, नाहीतर वाढणारा गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. यंत्रात ३७.५ अंश तापमान सांभाळण्यासाठी वीज लागते. ती ते अंग कमी-जास्त टेकवून साधते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, दाणापाणी करते, राखेत लोळते. तिला तेवढं उठू द्यावं. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. स्वच्छ पारदर्शक दिसणारं काढून टाकावं.

शाळा कोंबडीची

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. कवच फोडण्याआधीच पिलू आतून चिवचिवतं आणि कोंबडी त्याला उत्तर देते. बाहेर येताना पिलाने पोटात ओढून घेतलेला बलक दोन-तीन दिवस पुरतो. म्हणून पहिल्या पिलाला खायला घालण्यासाठी कोंबडीला उठवण्याची घाई नको. मागची अंडी फुटेपर्यंत ती बसून राहते.

ब्रूडरमध्ये, म्हणजे कृत्रिम दाईत, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते आणि दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवावी लागते. कोंबडीकडे पिलू गारठलं की पंखाखाली शिरतं, उबलं की बाहेर येतं. काय खावं, तेही आईच शिकवते. दाणा उचलून, टाकून, हाक देऊन ती दाखवते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या १९९६च्या प्रयोगात कोंबडीला वाटलं की पिलं चुकीचं अन्न टिपत आहेत, तेव्हा तिने योग्य अन्नावरचं टिपणं आणि उकरणं वाढवलं. त्याच विद्यापीठात २०११मध्ये दिसलं, की पिलावर हवेचा झोत सोडला तर पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढतात. खुडूक कोंबडी यंत्रापेक्षा मोलाची ठरते ती या शिकवणीमुळे.

तरी काही जबाबदाऱ्या माणसाच्याच. पहिले दोन आठवडे डालग्याखाली ठेवणं, कारण घार, कावळा, मुंगूस, मांजर टपलेले असतात. पाणी उथळ ताटलीत, खडे टाकून. कणी, भरडा यांच्या जोडीला वाळवीसारखा प्रथिनांचा आधार. आई ऊब देते, रोगापासून वाचवू शकत नाही. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायलाच हवी. हजीऱ्यासारख्या दमट किनाऱ्यावर पावसाळ्यात जमीन ओली राहते आणि रक्ती हगवण पसरते. त्यामुळे दिवाळीनंतर बसवलेल्या अंड्यांतली पिलं अधिक जगतात.

नवापूरचा धडा

हजीऱ्याहून तापीकाठाने पूर्वेला गेलं, की उकाई धरणापुढे महाराष्ट्राच्या सीमेवर नवापूर. स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. १८ फेब्रुवारी २००६ला भारतातला पहिला बर्ड फ्लू इथेच जाहीर झाला. लाखो पक्षी नष्ट केले गेले आणि बाधित पट्ट्यातल्या अंगणातल्या कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. रोग थांबवायला ते आवश्यक होतं. पण फार्मवाल्याला पिलं पुन्हा हॅचरीतून विकत मिळतात. पाड्यावरच्या घराची हॅचरी म्हणजे तीच खुडूक कोंबडी, आणि ती गेली की भांडवल बुडतं.

हे भांडवल योजनांच्या हिशोबातही क्वचितच मोजलं जातं. पक्षी मात्र मोजले जातात: २०१९च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१.७ कोटी होते, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक. परसासाठी वाटल्या जाणाऱ्या वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या संस्थेत तयार झालेल्या जाती अंडी जास्त देतात, पण बसत नाहीत. कळप संपला की पुन्हा पिलं मागण्यासाठी दार ठोठावावं लागतं. भरुच-नर्मदा भागातली अंकलेश्वर ही नोंदणीकृत देशी जात किंवा गावची साधी कोंबडी सोबत असली, तर सुधारित जातीची अंडीही तिच्याखाली उबवता येतात. दर कळपात अशा दोन कोंबड्या राखाव्यात. पिलं वाटणाऱ्या योजनेनेही सोबत एक बसणारी देशी कोंबडी द्यावी, म्हणजे लाभार्थ्याला पुढच्या वर्षी अर्ज करावा लागणार नाही. ज्या घरात खुडूक कोंबडी आहे, त्या घराला पुढच्या पिढीसाठी वीज, यंत्र आणि दुसऱ्याची मेहेरबानी यांतलं काहीच लागत नाही.