बफेट, वॉरन एडवर्ड
(३० ऑगस्ट १९३०– ). अमेरिकन गुंतवणूकदार, उद्योगपती व मूल्याधिष्ठित गुंतवणुकीचा प्रमुख पुरस्कर्ता. जन्म ओमाहा (नेब्रॅस्का राज्य) येथे. वडील हॉवर्ड बफेट हे रोख्यांचे दलाल व रिपब्लिकन पक्षातर्फे प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. वॉरनने कोलंबिया विद्यापीठातून १९५१ मध्ये अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविली. तेथे त्याला बेंजामिन ग्रॅहम (१८९४–१९७६) याचे अध्यापन लाभले. पुढे १९५४–५६ या काळात त्याने ग्रॅहमच्याच संस्थेत नोकरी केली व १९५६ मध्ये ओमाहा येथे स्वतःची गुंतवणूक-भागीदारी सुरू केली.

शेअर म्हणजे चालू धंद्यातील मालकीचा हिस्सा होय, हे ग्रॅहमच्या विचाराचे मूळ सूत्र. धंद्याची मालमत्ता व मिळकत यांवरून त्याचे अंगभूत मूल्य ठरते. बाजारातील किंमत मात्र लोभ व भीती यांनुसार वरखाली होते. म्हणून किंमत मूल्याहून पुष्कळच कमी असेल तेव्हाच खरेदी करावी. अंदाज चुकला, तरी हे अंतर नुकसानीपासून संरक्षण देते. सहकारी चार्ल्स मंगर (१९२४–२०२३) याच्या प्रभावाने बफेटने या विचाराला मुरड घातली. सामान्य धंदा स्वस्तात घेण्यापेक्षा उत्तम धंदा वाजवी किंमतीस घेऊन दीर्घकाळ बाळगणे त्याला श्रेयस्कर वाटू लागले. ‘सीज कँडीज’ ही मिठाईची कंपनी (१९७२) व कोका-कोलाचे शेअर (१९८८) ही अशा खरेदीची उदाहरणे होत.

स्वस्त खरेदीतील धोका त्याला बर्कशायर हॅथवे या मॅसॅचूसेट्समधील कापडगिरणी-कंपनीने दाखवून दिला. तिचा ताबा त्याने १९६५ मध्ये घेतला. कामगारांचे सहकार्य होते. परंतु स्पर्धेपुढे गिरणी टिकेना. अखेर १९८५ मध्ये ती बंद करण्यात आली. सु. १·३ कोटी डॉलर मूळ किंमतीच्या यंत्रसामग्रीचे जेमतेम १·६३ लाख डॉलर आले. थोड्या अधिक नफ्यासाठी धंदा बंद करू नये, पण अखंड तोट्यात भांडवलही ओतू नये, अशी भूमिका त्याने भागधारकांपुढे मांडली. तोवर विमा व इतर व्यवसायांच्या बळावर कंपनीचे रूप पालटले होते. १९६५ ते २०२४ या काळात तिच्या शेअरची किंमत चक्रवाढीने दरसाल सरासरी १९·९ टक्के वाढली.

संस्था चालविताना भांडवलाची वाटणी मध्यवर्ती कार्यालयाने करावी व दैनंदिन कारभार त्या त्या कंपनीच्या व्यवस्थापकावर सोपवावा, ही त्याची पद्धती. भागधारकांना लिहिलेल्या वार्षिक पत्रांत तो स्वतःच्या चुकांची कबुली देई. सॅलोमन ब्रदर्स या पेढीचा सरकारी रोख्यांच्या लिलावातील गैरव्यवहार १९९१ मध्ये उघडकीस आला, तेव्हा त्याने तिचे हंगामी अध्यक्षपद स्वीकारले. पैशाच्या नुकसानीपेक्षा नावलौकिकाची हानी अधिक गंभीर मानावी, असे त्याने तेथील कर्मचाऱ्यांना बजावले. १ जानेवारी २०२६ पासून बर्कशायरचे मुख्य कार्यकारी पद ग्रेग एबलकडे आले.

राजकारणात त्याने वडिलांहून वेगळी वाट धरली व बराक ओबामा, हिलरी क्लिंटन या डेमोक्रॅटिक उमेदवारांना पाठिंबा दिला. आपले यश अमेरिकेतील जन्म, काळ व बाजारव्यवस्था यांच्या अनुकूलतेमुळे लाभले, असे तो मानतो. म्हणूनच वारसाकराला त्याचा पाठिंबा आहे. आपण करपात्र उत्पन्नाच्या १७·४ टक्के, तर कार्यालयातील इतर कर्मचारी सरासरी ३६ टक्के कर भरतात, असे त्याने २०११ मध्ये जाहीरपणे लिहिले. त्यावरून ‘बफेट नियम’ म्हणून ओळखली गेलेली, अतिश्रीमंतांवर किमान ३० टक्के कर बसविण्याची योजना पुढे आली. परंतु २०१२ मध्ये ती सीनेटमध्ये अडली.

त्याच्या या भूमिकेला एक मर्यादा आहे. त्याची संपत्ती मुख्यतः न विकलेल्या शेअरच्या मूल्यवाढीतून झाली असून अशा वाढीवर अमेरिकेत विक्रीपर्यंत प्राप्तिकर लागत नाही. साहजिकच केवळ कराचे दर वाढवून तिला फारसा धक्का बसत नाही. बहुतांश संपत्ती परोपकारी कार्यास देण्याचा संकल्प त्याने २००६ मध्ये जाहीर केला. तथापि मोठ्या संपत्तीचा सामाजिक विनियोग धनिकाने ठरवावा की लोकनियुक्त शासनाने, हा त्यामागील प्रश्न विवाद्यच राहिला आहे.