नोकरीपलीकडे : लेखांक ९ – धुण्याचं बिल

आज आरोग्यविम्यावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतोय. गेल्या आठवड्यातल्या ‘किती पुरे?’च्या हिशेबावर सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय आणि ते टाळून विम्याकडे वळणं ही पळवाट होईल. त्या विचारतात : नवरा नोकरी सोडून मनासारखं जगायला लागला की बायकोची नोकरी सक्तीची होते, घरकामही तिच्याच गळ्यात राहतं. हे तुमच्या बेरजेत कुठे येतं?

प्रश्न निदान पावणेदोनशे वर्षं जुना आहे. नोकरीबाहेरच्या जगण्याची आरती ओवाळणारे सगळे हेन्री डेव्हिड थोरोचं नाव घेतात. त्याची हिशेबाची वही मात्र फार थोडे उघडतात. दुर्गाबाई भागवतांनी त्याचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, त्यामुळे आपल्याला तर सबबही नाही. पुस्तकाचं पहिलं आणि सगळ्यांत लांबलचक प्रकरण तळ्याचं नाही की पक्ष्यांचं नाही, ते पैशांचं आहे.

४ जुलै १८४५ रोजी, अठ्ठावीस पूर्ण व्हायला आठवडाभर असताना, हा हार्वर्डचा पदवीधर मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावाबाहेर वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली त्याने स्वतः बांधली आणि खर्च मांडला : फळ्या ८ डॉलर साडेतीन सेंट, दोन जुन्या खिडक्या काचांसकट २.४३, हजार जुन्या विटा ४ डॉलर, चुना २.४० (महाग पडला, असा शेराही आहे), खडू १ सेंट. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डला विद्यार्थ्याच्या खोलीचं वर्षाचं नुसतं भाडं ३० डॉलर होतं, हे तो मुद्दाम ऐकवतो. आठ महिन्यांचं खाणं पावणेनऊ डॉलरच्या आत. वर्षाकाठी सहाएक आठवडे मजुरी केली की भागतं, हा त्याचा निष्कर्ष. अर्ध्या सेंटपर्यंतचा हा चोख हिशेब वाचताना मला दर वेळी हुरूप येतो.

पण याच हिशेबात एक अपवाद आहे. धुणं आणि कपड्यांची डागडुजी यांचा खर्च धरलेला नाही. ती कामं बहुतेक बाहेर होत आणि त्यांची बिलं अजून आलेली नाहीत, असं तो स्वतःच सांगून टाकतो. ती बिलं पुस्तकात पुढेही कुठे येत नाहीत. आईचं घर पायी जाण्याच्या अंतरावर होतं आणि एक-दोन दिवसांआड त्याची गावात फेरी असायची. अधूनमधून बाहेर जेवत होतो, हेही त्याने लिहिलंय. जमीन त्याच्या लेखक-मित्राची, इमर्सनची, कुऱ्हाड उसनी. १८४६ मध्ये कर न भरल्याबद्दल एक रात्र कोठडीत काढली, तेव्हा कुणीतरी परस्पर पैसे भरून त्याला सोडवलं. ते बहुधा त्याच्या आत्याने भरले, असं मानतात.

एवढ्यावरून त्याला ढोंगी ठरवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. एक तर धुणं वगळल्याचं त्याने लपवलेलं नाही. दुसरं, घरच्या पेन्सिलींच्या कारखान्यात त्याने खरी मेहनत केली होती. ग्राफाइटमध्ये चिकणमाती मिसळून त्याने पेन्सिलींचा दर्जा असा सुधारला की त्या अमेरिकेतल्या उत्तम पेन्सिलींत गणल्या जाऊ लागल्या. म्हणजे घरातून घेणं होतं तसं देणंही होतं. मात्र पुस्तक वाचून राजीनामा लिहायला बसणाऱ्याला विटा-चुना दिसतो, धुणं दिसत नाही.

आपल्याकडे कमावणार कोण आणि घरचं करणार कोण, हे उघडपणे ठरवणारं एक घर होतं. डॉ. अनिल अवचटांनी डॉक्टरी शिकूनही दवाखान्याऐवजी लेखनाची वाट धरली. घर चालत होतं ते डॉ. सुनंदा अवचट यांच्या येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या नोकरीवर. अवचटांनी हे झाकलं नाही, स्वतःच लिहून ठेवलं. गरजा दोघांनी मिळून कमी ठेवल्या आणि मुलींचं करण्यात ते स्वतः होते. पुढे १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्याच्या केंद्रस्थानी सुनंदाताई होत्या. मनासारखं काम त्या घरात एकट्याच्या वाट्याला आलं नाही. हे उदाहरण सांगताना लोक नेमकं एवढंच गाळतात.

तेव्हा सांगलीच्या बाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. जमा आणि खर्च या दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा रकाना आखा : ‘कोण करतं?’ सकाळी साडेसहाला पाणी आलं की मोटार कोण लावतं? सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, हे कुणाच्या लक्षात येतं? गॅसचा नंबर, पालकसभा, कामवाल्या मावशींची सुट्टी, पाहुण्यांचा चहा. नोकरी असेपर्यंत ‘मी ऑफिसात असतो’ हे उत्तर चालून जातं. नोकरी सोडून घरातच टेबल मांडलंत की ते चालत नाही, आणि दार लावून ‘मी काम करतोय’ म्हणणं तर त्याहून वाईट. आमच्याकडे मोटार, गोळ्या आणि संध्याकाळची पोळी-भाजी माझ्याकडे आहे. लिखाण त्यातून उरलेल्या वेळात, आणि वेळ पुष्कळ उरतो.

यातला सगळ्यांत कळीचा खर्च रुपयांत मांडता येत नाही. तुम्ही राजीनामा दिलात त्या दिवसापासून बायकोची राजीनामा देण्याची सोय गेली. घराचा हप्ता तिच्या पगारातून, विमा तिच्या कंपनीचा. साहेब कितीही पिडो, तिला तोंड मिटून बसावं लागणार. म्हणून माझा आग्रह असतो की मुदत ठरवा. दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा. मुदत संपली की दोघांनी वही घेऊन बसायचं. तिला नोकरी सोडून गाणं शिकायचं असेल, शेतावर जायचं असेल, तर पाळी तिची आणि नोकरी शोधायची तुम्ही. हे कबूल करताना जीभ अडखळत असेल तर राजीनामा खिशातच राहू द्या.

नवऱ्याच्या जागी बायको नोकरी सोडणार असेल तरी नियम हाच. फक्त तिथे तिसरा रकाना आधीच तिच्या नावाने भरलेला असतो आणि तो रिकामा करून घेण्यातच पहिलं वर्ष जातं. अविवाहितांनीही सुटलो म्हणू नये. त्यांच्या रकान्यात बहुधा आईचं नाव असतं, थोरोसारखंच.

कंपनीच्या विम्याचा विषय आता निघालाच आहे. ते छत्र गेल्यावर काय करायचं, हे पुढच्या आठवड्यात. आणखी एखादं असं पत्र आलं नाही तर.