आकडे जमले, आता लिहायचं काय?

प्रोजेक्टचा सर्व्हे होतो, तक्ते होतात आणि मग गाडी अडते. विश्लेषण, चर्चा, निष्कर्ष. या तिन्हींत तेच तेच लिहिलं जातं. आज हा गुंता सोडवू, आणि उदाहरण आपल्या धर्माबाद तालुक्यातलंच घेऊ: बाभळी बंधारा.

आधी माहिती. गोदावरीवरच्या या बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. पाणी अडवायचं ते त्यानंतर. शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं.

आता समजा तुमचा प्रश्न असा आहे: बंधाऱ्यामुळे विहिरींचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का? तुम्ही नदीकाठच्या १० आणि लांबच्या १० विहिरी ऑक्टोबरअखेर आणि मेमध्ये मोजल्या. काठाची पातळी सरासरी ३ मीटर उतरली, लांबची ५ मीटर. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, बरं का.

विश्लेषणात तक्ता काय सांगतो तेवढंच लिहायचं. सरासरी किती, फरक किती, आणि वेगळं काय दिसलं. काठाच्या दोन विहिरी लांबच्यांइतक्याच उतरल्या असतील, तर त्या लपवायच्या नाहीत. सरासरीत त्या दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहायच्या.

चर्चेत 'असं का?' याचं उत्तर शोधायचं. अडवलेलं पाणी जमिनीत मुरलं असेल. पण नदीकाठी पाणी आधीपासूनच जास्त टिकत असेल तर? लांबच्या विहिरींवर मोटारी जास्त चालत असतील तर? त्या दोन विहिरींचं कारण काय? काही विहिरी १ मार्चच्या आधी आणि काही नंतर मोजल्या असत्या, तर तुलनाच बिघडली असती. बंधाऱ्याआधीची पातळी हवी असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी बघा. माझ्या मते रिपोर्टचा खरा कस इथंच लागतो.

निष्कर्षात मूळ प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचं, चार-पाच वाक्यांत. नवा आकडा नको, नवा मुद्दा नको. आणि शब्द तोलून वापरा. 'बंधाऱ्यामुळे पाणी टिकलं' हे आपल्या मोजणीतून सिद्ध होत नाही. 'मोजलेल्या विहिरींत काठाची पातळी कमी उतरली. बंधारा हे एक संभाव्य कारण आहे' एवढंच म्हणता येतं.

हा शब्दांचा कीस वाटेल. पण या पाण्यावरून दोन राज्यं कोर्टात गेली. उद्या तुमचा रिपोर्ट ग्रामसभेत कुणी वाचला, आणि त्या एका वाक्यावर भरवसा ठेवून एखाद्यानं कर्ज काढून विहीर खोदली तर? वीस विहिरींवरून अख्ख्या शिवाराचा निकाल लावू नका.

सबमिट करायच्या आधी एवढं करा: निष्कर्षातल्या प्रत्येक वाक्यापुढं तक्त्याचा नंबर पेन्सिलीनं लिहा. ज्या वाक्याला नंबर सापडत नाही, ते चर्चेत हलवा, नाहीतर खोडून टाका.

पुढच्या भागात प्रश्नावली कशी करायची ते बघू. तोवर हा भाग ग्रुपवर टाका, कुणीतरी नक्की अडकलेलं असेल!