नक्कल करता करता

थोरांच्या चित्राची नक्कल करून तैलरंग शिकावेत, ही युरोपातली जुनी रीत. कॅराव्हाज्जोने रोममध्ये १६०३-०४ च्या सुमारास रंगविलेले येशूच्या दफनाचे चित्र पुढे रुबेन्सनेही आपल्या हाताने, थोडे फेरबदल करून, रंगविले. मी ते पाहिले फक्त पुस्तकात. मूळ चित्र तीन मीटर उंच; माझा मांजरपाट दोन फुटी, त्यावर सरस व खडूचा लेप.

प्रथम टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगात नुसता उजेड-अंधार मांडायचा. त्वचेचे रंग मागाहून. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात अधिक. उलट झाले तर वरचा थर आधी वाळतो आणि तडकतो. माझी शिळा अशीच तडकली!

अडलो ते निकोदेमसच्या पायांपाशी. येशूचे गुडघे कवटाळून तो वाकला आहे, अनवाणी, पोटऱ्या उघड्या. छापील चित्रावरून ते ओझे काही उतरेना. दिवाळीच्या सुट्टीत उसाच्या फडावर गेलो. डोक्यावर मोळी घेऊन वडील फळीवरून ट्रकवर चढत होते. मी पहिल्यांदाच त्यांच्या टाचांकडे पाहिले. सारे वजन तिथे उतरले होते.

परतल्यावर जुने पाय खरवडून काढले. नवे पाय जमलेत. चेहरा अजून राहिला आहे.