बेघराची हांक आणि १०८ ची गाडी

मनुष्यावर संकट ओढवलें म्हणजे तो प्रथम घरच्या माणसांस हांक मारतो. घरांत कोणी नसेल तर शेजाऱ्यास, आणि शेजारी नसेल तर गांवास. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आपणां बहुतेकांस या क्रमाचा विचारहि करावा लागत नाहीं. अपरात्रीं आजोबांच्या छातींत कळ आली तर एक मुलगा डॉक्टरांकडे धांवतो, सून उशाशीं बसते, दुसरा मुलगा वाहनाची तजवीज करतो, आणि शेजारचे गृहस्थ न बोलावतां येऊन उभे राहतात. परंतु ज्याला घर नाहीं, शेजार नाहीं आणि ज्याचें गांवहि कधींच सुटलें आहे, त्यानें कोणास हांक मारावी? अलीकडे या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळालें आहे. असा मनुष्य कोणाचा तरी फोन मागून घेतो आणि १०८ हा क्रमांक लावण्यास सांगतो.

महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ सालच्या प्रजासत्ताकदिनीं सुरू झाली. त्या वेळीं तींत ९३७ गाड्यांची योजना होती. त्यांपैकीं २३३ गाड्यांत हृदयविकार, श्वासावरोध अशा बिकट प्रसंगीं लागणारी साधनें होतीं. उरलेल्या ७०४ गाड्या प्राथमिक जीवरक्षणाच्या होत्या. राज्यांतून कोठूनहि फोन केला तरी तो पुण्यांतील औंध येथील केंद्रांत घेतला जाई, आणि तेथून जवळच्या गाडीस निरोप जाई. गाडींत चालकाबरोबर एक डॉक्टर असावा, ही या योजनेची विशेष गोष्ट. रुग्णाकडून पैसा घ्यावयाचा नाहीं, हा नियम. फोन घेणारा मनुष्य पत्ता विचारतो खरा. पण तो घराचा पत्ता नव्हे, तर रुग्ण या क्षणीं जेथें पडला आहे त्या जागेचा. शिधापत्रिकेपासून बँकेपर्यंत सर्वत्र 'राहतां कोठें?' हा पहिला प्रश्न असतो. त्या प्रश्नाशीं ज्याचें सारें अडतें, त्यास 'आतां आहांत कोठें?' असें विचारणारी ही बहुधा एकच सरकारी व्यवस्था आहे. मग तो तिलाच हांक मारतो, यांत नवल तें काय?

आमचा हिंगोली जिल्हा तसा वयानें लहान. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो निराळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पांच तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणें लोकसंख्या सुमारें पावणेबारा लक्ष. औंढ्यास नागनाथाचें ज्योतिर्लिंग आहे. नर्सी हें नामदेवांचें जन्मस्थान म्हणून पूज्य मानिलें जातें. जेथें देव आहे तेथें यात्रा आहे, आणि जेथें यात्रा आहे तेथें निराधारास दोन घास मिळण्याची आशा आहे. म्हणून तीर्थक्षेत्रें, बसस्थानकें आणि रेल्वेचे फलाट हीं आपल्या देशांत बेघरांचीं पिढीजात आश्रयस्थानें होऊन बसलीं आहेत. त्याच जनगणनेंत देशांत सुमारें पावणेअठरा लक्ष आणि एकट्या महाराष्ट्रांत दोन लक्षांहून अधिक माणसें बेघर म्हणून नोंदलीं गेलीं.

आतां अशा माणसाच्या बोलावण्याचें स्वरूप पाहूं. कधीं पायाच्या जुन्या जखमेवरील पट्टी बदलावयाची असते. कधीं क्षयाच्या गोळ्या संपलेल्या असतात आणि रुग्णालयापर्यंत जाण्यास भाडें नसतें. कधीं पौषांतली थंडी असते, कधीं आडवा पाऊस. कधीं नुसती भूक असते. यांपैकीं एकहि कारण, काटेकोर बोलावयाचें तर, तांतडीचें नव्हे. परंतु फोनवर तो यांतलें कांहींच सांगत नाहीं. तो म्हणतो, 'छातींत दुखतें'.

हें ऐकून कित्येक सज्जन म्हणतील, ही शुद्ध लबाडी आहे. मला मात्र येथें शाळेंतील एक गोष्ट आठवते. तासाच्या मध्येंच हात वर करून 'गुरुजी, पोट दुखतें' म्हणणारीं मुलें प्रत्येक शिक्षकानें पाहिलीं आहेत. त्यांतलीं कांहीं खरोखर आजारी असत आणि कांहीं खोडकर असत; पण एक तिसरा वर्गहि असे. तीं मुलें सकाळपासून उपाशी असत. शाळेच्या नियमांत पोटदुखीस रजा होती, भुकेस नव्हती. म्हणून भूक पोटदुखीचें नांव धारण करून येई. कचेरीला जी भाषा कळते त्या भाषेंत गरजवंत बोलतो. १०८ ला छातींतली कळ कळते. पाठीखालची ओली फरशी कळत नाहीं. तेव्हां फरशीचें दुःख छातीचें नांव घेऊन येतें. तें सर्वस्वीं खरें नव्हे, हें कबूल. पण सर्वस्वीं खोटेंहि नव्हे.

तथापि याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. गाडीवरील मंडळींचें दुःख आपण समजून घेतलें पाहिजे. समजा, औंढ्याच्या बसस्थानकावरून एकास हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयांत पोंचविण्यास गाडी निघाली. अंतर सुमारें पंचवीस किलोमीटर. जाणें, रुग्णास तेथील डॉक्टरांच्या स्वाधीन करणें, नोंद करणें आणि परत येणें, यांत तास-दीड तास सहज जातो. तेवढ्यांत एखाद्या वस्तीवर सोयाबीनच्या शेतांत कोणास सर्पदंश झाला, एखादी बाई अडली, किंवा महामार्गावर दुचाकी घसरली, तर दुसरी गाडी दुरून यावयाची. सर्पदंशाच्या रुग्णास त्या तासाची किंमत प्राणानें द्यावी लागेल. 'नाहीं' म्हणावें तर दारांतला मनुष्य मरेल ही भीति, 'हो' म्हणावें तर न दिसणारा मनुष्य मरेल ही भीति. या दोन भीतींच्या मध्यें तो तरुण डॉक्टर आणि तो चालक रोज उभे असतात. त्यांचा आवाज कधीं चढला, तर त्यांस निष्ठुर म्हणण्याची घाई करूं नये.

मग त्यांनीं बाहेरच्या रूपावरून निवाडा करावा काय? मुळींच नाहीं, कारण बाहेरचें रूप येथें जितकें फसवितें तितकें अन्यत्र क्वचितच फसवीत असेल. मधुमेह्याच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरली म्हणजे तो झिंगल्यासारखा बोलतो, अडखळतो आणि पडतो. लोक म्हणतात, प्यालेला आहे. डोक्यास आंतून मार लागलेल्याची अवस्थाहि तशीच दिसते. वैशाखांत मराठवाड्याच्या उन्हांत उष्माघात झालेला मनुष्य वाटेल तें बरळतो. फेंफरें येऊन गेल्यावर कांहीं वेळ शुद्ध नसते. नवव्यांदा निष्कारण बोलावणाऱ्याची दहावी हांक खरी असूं शकते. किंबहुना उघड्यावर झोपणाऱ्या, उपाशी आणि औषध अर्धवट सोडलेल्या माणसाची ती खरी असण्याचा संभव तुमच्याआमच्यापेक्षां अधिक. म्हणून जाणकार डॉक्टर आधीं खालीं बसतो, 'काय व्हायलंय बाबा?' म्हणून विचारतो, नाडी पाहतो, बोटाला सुई टोंचून साखर पाहतो, रक्तदाब पाहतो. आणि मगच मत बनवितो. या तपासणीस फार वेळ लागत नाहीं. परंतु तेवढ्यानें अंदाजाचें ज्ञान होतें.

कायदाहि याच बाजूस आहे. जखमी मनुष्यास प्रथम उपचार, कागदपत्रें मागाहून, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या अर्जावर निक्षून सांगितलें. पुढें बंगालमधील हकीम शेख नांवाच्या मजुराचें प्रकरण आलें. १९९२ च्या जुलैंत तो आगगाडींतून पडला. डोक्यास जबर मार लागला. आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं जागा नाहीं म्हणून त्यास परत पाठविलें. शेवटीं खासगी रुग्णालयांत पैसे भरून उपचार घ्यावे लागले. १९९६ सालीं न्यायालयानें निर्णय दिला, कीं वेळेवर उपचार न मिळणें हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. आणि त्यास पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. रुग्णास वरच्या रुग्णालयांत नेण्यासाठीं साधनांनीं आणि जाणत्या माणसांनीं युक्त अशा वाहनांची सोय असावी, असेंहि त्या निर्णयांत सांगितलेलें आहे. गाडी ही उपकाराची वस्तु नसून हक्काची आहे, हा त्याचा अर्थ.

पण गाडीनें मनुष्य रुग्णालयांत पोंचला म्हणजे प्रश्न सुटला काय? खरी मेख येथेंच आहे. तेथें 'सोबत कोण आहे?' असा प्रश्न येतो, आणि सोबत कोणीच नसतें. मलमपट्टी होते, गोळ्या मिळतात, आणि दुसऱ्या दिवशीं 'घरीं जा' असें सांगण्यांत येतें. गाडी घरून रुग्णालयांत नेते. रुग्णालयांतून घरीं पोंचवील तरी कोणत्या? ज्यास घर नाहीं तो फाटकाबाहेर बसतो, पट्टी मळते, जखम चिघळते, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां तीच हांक जाते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन झालें. ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. परंतु कितीहि मोठें रुग्णालय झालें तरी तें घराची जागा घेऊं शकत नाहीं.

अन्य देशांनींहि हाच अनुभव घेतला आहे. पॅरिस शहरांत १९९३ सालीं झेवियर इमान्युएली या डॉक्टरांनीं बेघरांसाठीं निराळी फिरती तुकडी सुरू केली. ती रात्रीं रस्त्यांवरून हिंडते, निजलेल्यांची विचारपूस करते, आणि हवा असेल त्यास आसरा मिळवून देते. तेथें आसऱ्यासाठीं ११५ हा क्रमांक वेगळा आहे आणि आजारासाठीं १५ वेगळा. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशामक दलानें २००४ सालीं, वारंवार गाडी बोलावणाऱ्या बेघरांच्या मागें एक जाणता कर्मचारी लावून दिला. त्यानें प्रत्येकाची ओळख ठेवावयाची आणि निवारा, उपचार, व्यसनमुक्ति यांच्याशीं त्यास जोडून द्यावयाचें. तात्पर्य एकच: हांक निराळी असेल तर दारहि निराळें हवें.

हें आपणांस परकें नाहीं. गाडगे महाराजांनीं पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथें धर्मशाळा उभारल्या त्या याच जाणिवेनें. कर्जत येथें डॉ. भरत वाटवाणी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस आणते, बरें करते आणि शक्य तेथें त्यांच्या घरीं पोंचविते; त्या कार्याबद्दल त्यांस २०१८ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिल्हा रुग्णालयाच्या जवळ बरे होत असलेल्या निराधारांसाठीं दहा-वीस खाटांची धर्मशाळा, एक वेळचें जेवण, आणि पट्टी बदलण्यास येणारी एक परिचारिका, एवढें झालें तरी गाडीच्या कित्येक फेऱ्या वांचतील, आणि त्या वांचलेल्या फेऱ्या सर्पदंशाच्या रुग्णाकडे वळतील. ज्या गांवांत देवळांच्या जीर्णोद्धारास वर्गणी जमते, त्या गांवास हें अशक्य नाहीं.

संस्था उभी राहीपर्यंत गृहस्थानें काय करावें, हेंहि सांगितलें पाहिजे. कोणी रस्त्यावर पडलेला दिसला तर आधीं हांक मारून पाहावी. तो शुद्धीवर नसेल, त्यास श्वास लागला असेल, रक्त वाहत असेल, छातींत कळ येत असेल, तर १०८ लावावा आणि गाडी येईपर्यंत तेथेंच थांबावें. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये. श्वास चालू असेल तर त्यास कुशीवर वळवावें. फेंफरें आलें असतां कांदा किंवा वहाण हुंगविण्याची जुनी रीत सोडावी. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास पोलिसांनीं त्रास देऊं नये, असें २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांतच घातलें आहे. तेव्हां त्या भयानें मागें सरूं नये. परंतु तो बोलतो-चालतो आहे आणि त्यास केवळ दवाखान्यांत जावयाचें आहे, असें दिसलें, तर ऑटोरिक्षाचें भाडें देऊन, जमल्यास घरांतील एक तरुण सोबत देऊन, त्यास पाठवावें. वृद्ध निराधारासाठीं १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे. बेघर वृद्धांची सुटका हेंहि तिच्या कामांत मोडतें. भ्रमिष्टासारखा हिंडणारा कोणी असेल तर ११२ वर पोलिसांस कळवावें. स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशा मनोरुग्णास संरक्षणाखालीं घेऊन चोवीस तासांच्या आंत सरकारी रुग्णालयांत पोंचविणें हें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें पोलिसांचें कर्तव्य ठरविलें आहे. हे क्रमांक देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे, म्हणजे घरांतील मुलांसहि पाठ होतील.

आपल्या शास्त्रकारांनीं गृहस्थास नित्याचे पांच यज्ञ सांगितले. त्यांत अतिथीचा सत्कार हा एक. ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोड करण्यांत येते. बेघर मनुष्याच्या दुखण्यास तरी कोठें तिथि असते? आज तो आपल्या ओटीवर येत नाहीं, कारण ओटी राहिली नाहीं आणि फाटकास कुलूप आहे. म्हणून जें आतिथ्य गांवानें वांटून घ्यावयाचें, तें सारें आपण एका गाडीवर, एका डॉक्टरावर आणि एका चालकावर टाकून मोकळे झालों आहों. त्यांचा भार हलका करणें आणि त्या निराधारास आजाराचें सोंग न घेतांहि कोणास तरी हांक मारतां येईल असें करणें, हीं दोन निराळीं कामें नव्हेत. एकच आहे, आणि तें आपलें आहे.